बाबांना डोळ्याच्या पूर्ण तपासणीला न्यायचंय, नक्की काय काय करतात? थेंब घालावेच लागतात का?

आगरातली

नमस्कार. जरा लांबलचक होणारे पण कृपया वाचा. माझे बाबा ६३ वर्षांचे, शुगर निघून ९ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत, पथ्य मनाला येईल तेव्हा. गुहागर तालुक्यात आमचं पोफळी-नारळाचं आगर आहे, अजून शिपणं स्वतःच करतात, कोणाला हात लावू देत नाहीत. गेल्या महिन्यात ओटीवर बसून सुपारी कातरत होते आणि अडकित्त्यात बोट आलं. आई म्हणाली घाई केली असेल. पण मी समोरच बसले होते, घाई अजिबात नव्हती, त्यांना सुपारी जिथे वाटत होती तिथे ती नव्हतीच. ४० वर्षं सुपारी कातरणारा माणूस हो. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे, संध्याकाळी पडवीची पायरी पायाने चाचपून उतरतात आणि टीव्हीच्या एकदम जवळ खुर्ची ओढतात.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले नुसता नंबर काढून भागणार नाही, डोळ्यांची पूर्ण तपासणी करा, डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) बघून घ्या, शुगरवाल्यांनी दरवर्षी करायची असते. आम्ही ९ वर्षांत एकदाही केली नाहीये, हे मला तिथेच कळलं आणि फार वाईट वाटलं. बाबा म्हणतात दर दोन वर्षांनी दुकानात नंबर काढतो की, अजून काय तपासायचं. त्यात शेजारच्या काकांनी सांगून ठेवलंय की थेंब घालतात आणि मग दिवसभर काहीच दिसत नाही, आणि गेलास की ऑपरेशन करूनच सोडतात. झालं, आता बाबा जायलाच तयार नाहीत.

चिपळूणला न्यायचा विचार आहे. कोणी अनुभव सांगाल का? किती वेळ लागतो, दुखतं का, उपाशीपोटी न्यायचं का, त्या दिवशी शुगरची गोळी द्यायची का, आणि येताना बाबा बाइकवर मागे बसून येऊ शकतील का की एस.टी. बरी?

दाभोळखाडी

ताई, मी गेल्या वर्षी माझ्या आईला नेलं होतं त्यामुळे सगळं ताजं आहे. पहिलं म्हणजे उपाशी अजिबात नेऊ नका!! शुगरवाल्या माणसाला घोटभर चहावर ३ तास बसवून ठेवलं तर तिथेच चक्कर येईल. पोटभर नाश्ता, गोळी रोजच्या वेळेला, आणि पिशवीत पोळीभाजी किंवा बिस्किटं ठेवाच. आम्हाला एकूण साडेतीन तास लागले, त्यातला तासभर तर थेंब घालून नुसतं बसणं.

आधी एक बाई सगळं विचारून लिहून घेतात, शुगर कधीपासून, बीपी आहे का, घरात कोणाला काचबिंदू आहे का, डोळ्याला कधी मार लागलाय का. मग अंधाऱ्या खोलीत तो पाटी वाचायचा प्रकार. आमची आई चौथी शिकलेली, मराठी अक्षरांची पाटी लावली होती. तिला वाटलं ही परीक्षाच आहे आणि नापास व्हायचं नाही. उजव्या डोळ्याने वाचलेलं पाठ करून ठेवलं आणि डावा तपासताना तेच धडाधड म्हणून दाखवलं, डोळे बारीक करून वगैरे. त्या बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी पाटी बदलली आणि आई पहिल्याच ओळीला थांबली. मला तिथे एकदम भरून आलं, कारण डाव्या डोळ्याने तिला इतकं कमी दिसतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, दोन्ही डोळे उघडे असले की उजवा डोळा सगळं सांभाळून घेतो ना. म्हणून बाबांना आधीच सांगा की नाही दिसत तर नाही दिसत म्हणायचं, तिथे पास-नापास काही नसतं.

मग एका मशिनवर हनुवटी टेकवायची, आत एक लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो, तो धूसर होतो मग स्पष्ट होतो, बास, आपल्याला काही करायचं नाही, मशिन स्वतः नंबरचा अंदाज घेतं. दुसऱ्या मशिनमध्ये डोळ्यावर हवेचा फुस्सकन झोत येतो. दुखत नाही पण दचकायला होतं, आई पहिल्यांदा मागेच सरकली. ते डोळ्याचं प्रेशर मोजायचं मशिन. मग डॉक्टरांनी मोठ्या दुर्बिणीसारख्या मशिनमधून पापण्या, बुबुळ, मोतीबिंदू किती पिकलाय ते बघितलं.

आणि मग थेंब. चुरचुरतात, ५-१० सेकंद, कांदा चिरल्यासारखे. थोड्या थोड्या वेळाने दोनतीनदा घातले. आईला आंधळं वगैरे काही झालं नाही, जवळचं पुसट आणि उजेड सहन होत नाही एवढंच. संध्याकाळी ६ पर्यंत ठीक झाली, पण तांदूळ निवडणं दुसऱ्या दिवशी. बाइक नको ताई. एस.टी. घ्या, खिडकीची सीट नको, ऊन डोळ्यावर येतं. काळा गॉगल आणि टोपी न्या. एस.टी.तून उतरताना हात धरा, पायरी कुठे संपते ते कळत नाही.

रिफ्रॅक्शनरूम

मी सिंधुदुर्गात १४ वर्षं डोळे तपासतोय, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. रोज जे बघतो त्यावरून लिहितो.

आगरातली ताई, तुमच्या बाबांचं 'दुकानात नंबर काढतो की' हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकतो. नंबर काढणं म्हणजे काचेतून किती स्पष्ट दिसतं एवढंच बघणं. शुगरने पडद्याला इजा व्हायला लागते तेव्हा सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पडत नाही, माणूस ६/६ वाचतो. ६ मीटरवरनं जी ओळ वाचता यायला हवी ती वाचली की ६/६, बस्स, पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत का, सूज आहे का, हे त्या पाटीला कसं कळणार? ते बघायला डोळ्याच्या आतच डोकवावं लागतं आणि आत जायची वाट म्हणजे मधली काळी बाहुली, ती उजेड पडला की आखडते आणि शुगरवाल्यांची तर बऱ्याचदा आधीच बारीक असते. दाराच्या फटीतून माजघर बघितलं तर समोरची भिंत दिसेल, कोपऱ्यातला कणगा दिसायला दार उघडावं लागतं. थेंब म्हणजे ते दार उघडणं. २०-३० मिनिटांत बाहुली मोठी होते आणि मग डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून वर बघा, खाली बघा, उजवीकडे वर बघा करत पडद्याच्या कडेपर्यंत बघतात. तो उजेड झगझगीत असतो, डोळ्यात पाणी येतं, पण मिनिटा-दोन मिनिटांचं काम. असर साधारण ४ ते ६ तास, काहींना दुसऱ्या दिवसापर्यंत.

दोन गोष्टी मात्र थेंब घालायच्या आधी सांगायच्या. बीपी खूप जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर सांगा, कारण काही थेंबांत बीपी वाढवू शकणारं औषध असतं, डॉक्टर मग दुसरा थेंब निवडतात. आणि काही लोकांच्या डोळ्यात पाणी निचरा व्हायचा कोपरा अरुंद असतो, त्यांची बाहुली मोठी केली तर प्रेशर चढू शकतं, म्हणून डॉक्टर आधी मशिनवर तो कोपरा बघूनच थेंब घालायला सांगतात. त्यामुळे घरी कोणाचे तरी उरलेले थेंब कधीही घालू नका, हे हात जोडून सांगतो.

आता एक महत्त्वाचं जे लोकांना माहीत नसतं. शुगर वर-खाली होत असेल तर चष्म्याचा नंबरसुद्धा बदलतो, डोळ्यातल्या भिंगावर शुगरचा परिणाम होतो म्हणून. आज शुगर ३०० असताना काढलेला नंबर शुगर आटोक्यात आल्यावर चालत नाही आणि मग माणूस म्हणतो चष्मा चुकीचा बनवला. म्हणून शुगरचा ताजा रिपोर्ट न्या, एचबीए१सी (गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट) केला असेल तर तोही. जुना चष्मा (तुटका असला तरी), जुने कागद, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सगळी पिशवीत घाला, नावं आठवत बसू नका. लघवीच्या त्रासाची टॅमसुलोसिन घेत असतील तर ते आवर्जून सांगा, पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी माहीत असायला लागतं. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असलेल्यांनीसुद्धा सांगायचं, त्यांचा पडदा वेगळ्या कारणाने बघत राहावा लागतो.

आणि घरात कोणी म्हातारं माणूस अचानक चाळीशीशिवाय वाचायला लागलं तर आनंदात पेढे वाटू नका. गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या, नातू घेऊन आला होता, आजी म्हणे 'आता माका चष्मो नको, सुयेत दोरो घालतंय मी'. मोतीबिंदू मधोमध घट्ट होत गेला की काही दिवस जवळचं बरं दिसायला लागतं, लांबचं मात्र बिघडत जातं. आजींना अंगणातला माणूस कोण ते ओळखू येत नव्हतं, पण सुईत दोरा जातोय म्हणजे नजर परत आली असंच घरच्यांनी धरलं होतं.

ऑपरेशनचं म्हणाल तर पहिल्या तपासणीला कोणी धरून ऑपरेशन करत नाही. मोतीबिंदू असला तरी आधी शुगर, बीपी बघतात, आत बसवायच्या भिंगाचं माप काढतात, तारीख देतात. काकांना तेवढं सांगा.

कातळावरचा

पण आता थेंब न घालताच पडद्याचा फोटो काढतात ना? आमच्याकडे शिबिरात तसाच काढला होता, ५ मिनिटांत काम झालं. मग म्हाताऱ्या माणसाला थेंबांचा त्रास कशाला?

रिफ्रॅक्शनरूम

काढतात, आणि शिबिरात ते चांगलंच आहे, शंभर लोकांतून कोणाला पुढे पाठवायचं ते पटकन कळतं. पण बाहुली बारीक असेल किंवा मोतीबिंदू असेल तर फोटो धुरकट येतो, आणि साध्या फोटोत पडद्याचा मधला भाग येतो, कडेचा नाही. ९ वर्षांची शुगर, एकदाही तपासणी नाही आणि आता दिसायला कमी झालंय, अशा माणसाने फोटोवर समाधान मानू नये. ज्यांना टाईप २ शुगर आहे त्यांनी शुगर निघाली त्याच वर्षी एकदा पडदा बघून घ्यायचा असतो, कारण शुगर बऱ्याचदा कळायच्या कितीतरी आधीपासून अंगात असते, आणि पुढे दरवर्षी. फोटो नीट आलाय असं तुमच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं असेल तर ठीक, पण पुढच्या वर्षी परत.

जयगडचा

मी सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही.

माझे वडील तांडेल होते, जन्म समुद्रावर गेला. ५५ च्या पुढे ते धक्क्यावर लोकांना धडकायला लागले. समोरचं सगळं दिसायचं, लांब क्षितिजावर कोणाची होडी आहे ते आमच्या आधी सांगायचे, पण बाजूने कोणी आलं की कळायचं नाही. जाळ्याच्या दोरीत पाय अडकून दोनदा पडले. आम्ही चार वर्षांत तीन चष्मे केले. तीनही वेळा दुकानातच, नंबर थोडा बदलला म्हणून सांगितलं, आम्ही पैसे दिले, चष्मा घेतला. डोळ्याच्या डॉक्टरकडे जा असं एकदाही कोणी म्हणालं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. शेवटी कोल्हापूरला एका लग्नाला गेलो होतो तिथे पाहुण्यांनी बळेच नेलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस (डोळ्याकडून मेंदूकडे जाते ती) जवळजवळ गेलेली, उजव्याची अर्धी. डॉक्टर म्हणाले जे गेलं ते कशानेच परत येणार नाही, जे राहिलंय ते थेंब घालून टिकवायचं. आता रोज रात्री थेंब घालतात, आई घड्याळ लावून घालते, आणि उजवा डोळा टिकलाय. पण समुद्रावर जाणं सुटलं.

काचबिंदूत बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणूनच कळत नाही. डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ चांगलं म्हणतात पण वडिलांचं १९ होतं!! तरी नस खराब झालेलीच. म्हणून नुसतं प्रेशर मोजून चांगलं आहे म्हणाले तर तेवढ्यावर उठू नका, नस बघितली का हे विचारा.

नस खराब झाल्याची शंका आली तर फिल्ड टेस्ट करतात. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकलेला, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बरेच ठिपके मुद्दाम इतके पुसट असतात की चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत, त्यामुळे आपलं काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. वडील त्यात घाबरून बटण दाबतच सुटले, परत करावी लागली. ताई, बाबांना ही टेस्ट सांगितली तर आधी समजावून ठेवा की सगळे ठिपके दिसायचे नसतातच, नजर मधेच ठेवायची, शोधत फिरवायची नाही.

आणि हे रक्ताच्या नात्यात येतं. वडिलांचं निघाल्यावर मी आणि माझी बहीण दोघांनी तपासून घेतलं, मी तेव्हा ३८ चा होतो. आता दरवर्षी जातो. ज्यांच्या घरात आहे त्यांनी चाळीशीची वाट बघू नका.

शिपवरची_आई

विषय थोडा वेगळा पण डोळ्यांचाच आहे. आमच्या वाडीतल्या एका मुलाने मर्चंट नेव्हीच्या कोर्ससाठी कर्ज काढून फी भरली आणि मग मेडिकलला रंगांच्या टेस्टमध्ये अडकला. ठिपक्यांच्या चित्रात आकडा ओळखायचा असतो ती, इशिहारा टेस्ट म्हणतात. पोराला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही हे १८ वर्षं घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्याला पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची आकारावरून, जागेवरून बरोबर कळायची. रात्री समुद्रावर दुसरी बोट कुठल्या दिशेला चाललीये ते तिच्या लाल-हिरव्या दिव्यांवरूनच ओळखायचं असतं, त्यामुळे तिथे सवलत नाही, आणि यावर औषध नाही. ज्यांची मुलं शिपवर जायचं म्हणतायत त्यांनी दहावीलाच ही टेस्ट करून घ्या, पाच मिनिटांची आहे. फी भरायच्या आधी.

चिंचेखाली

माझी मुलगी ७ वर्षांची, पाटीवरचं दिसत नाही म्हणते. तिलाही थेंब घालतात का?

रिफ्रॅक्शनरूम

हो, आणि लहान मुलांना तर नंबर काढायलाच घालतात. मुलांच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक असतं की ती नकळत जोर लावून बघतात आणि नंबर खरा येत नाही. थेंबाने तो जोर सुटतो. काही वेळा डॉक्टर घरी ३ दिवस घालायला ॲट्रोपिनचं मलम देतात, त्याचा असर आठवडा-दोन आठवडे राहू शकतो, तेव्हा शाळेची परीक्षा बघून तारीख घ्या, आणि मलम लावल्यावर ताप आला, तोंड लालबुंद झालं तर लगेच थांबवून डॉक्टरांना फोन करा. पण टाळू नका. एका डोळ्याला जास्त नंबर असेल आणि ७-८ वर्षांच्या आत चष्मा लागला नाही तर तो डोळा बघायला शिकतच नाही, नंतर कितीही चांगला चष्मा दिला तरी.

आगरातली

सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आलो. सविस्तर लिहितेय म्हणजे पुढे कोणी शोधत आलं तर उपयोग होईल.

बाबांना शेवटी जयगडच्या दादांची पोस्ट वाचून दाखवली. पूर्ण ऐकली, काही बोलले नाहीत, आणि रात्री स्वतःच जुने दोन चष्मे काढून टेबलावर ठेवले. सकाळी सातच्या एस.टी.ने निघालो, घावणे खाऊन, गोळी घेऊन.

पाटी वाचताना उजवा डोळा चौथ्या ओळीपर्यंत गेला, डावा दुसरीला थांबला, आणि बाबा सरळ म्हणाले नाही दिसत. (दाभोळखाडी ताई, थँक्यू.) प्रेशर १६ आणि १८. नस बघितली का असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले विचारलंत ते बरं केलंत, आणि दोन्ही नसा चांगल्या आहेत म्हणाले. थेंब तीनदा घातले, बाबा डोळे मिटून माझा हात धरून बसले होते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे, डाव्यात जास्त, आत्ता ऑपरेशन नको म्हणाले. पडद्याचा फोटो काढला आणि आम्हाला स्क्रीनवर दाखवला. केशरी गोल, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रक्तवाहिन्या, आणि मधे मधे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, थेंबांमुळे जवळचं पुसट दिसत होतं तरी, आणि विचारलं हे माझ्या डोळ्यात आहे? डॉक्टरांनी एकेक ठिपका पेनाने दाखवला. शुगरचा परिणाम आहे, सुरुवातीचा आहे, लेझर-इंजेक्शन काही नको, मधल्या भागात सूज नाहीये, पण शुगर खाली आलीच पाहिजे आणि ६ महिन्यांनी परत यायचं. बाबांची एचबीए१सी ९.४ आली होती. चष्म्याचा नंबरही आत्ता दिला नाही, शुगर दोन महिने स्थिर ठेवा मग या म्हणाले, अगदी रिफ्रॅक्शनरूम दादांनी लिहिलं होतं तसंच. मधेच डोळ्यासमोर खूप काळे ठिपके तरंगायला लागले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर ६ महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं, हे दोनदा बजावलं.

येताना एस.टी.त गॉगल लावून बसले होते. शृंगारतळी आल्यावर म्हणाले, शुगर निघाली तेव्हाच कोणी हा फोटो दाखवला असता तर मी भात कमी केला असता. मी काही बोलले नाही, मलाही तेच वाटत होतं.

आज सकाळी चहात साखर नको म्हणाले. अडकित्ता आईने फडताळात वर ठेवलाय, सुपारी आता मी कातरते. कॅलेंडरवर ६ महिन्यांनंतरच्या तारखेला लाल पेनाने गोल केलाय आणि त्याच पानावर आईचंही नाव लिहिलंय, ती ५८ ची आहे आणि तिचे डोळे आजवर कोणी बघितलेच नाहीत. आईला शुगर नाही, बीपी आहे, गोळी चालू आहे. तिला थेंबांच्या आधी बीपी मोजून न्यायचं की तिथेच मोजतात?

रिफ्रॅक्शनरूम

तिथेच मोजतात. सकाळची गोळी चुकवू नका आणि पाकीट सोबत न्या.